८ विजय, १७ पराभव : आशा कधी सोडायची?

प्रश्न थोडक्यात असा: नोकरीनिमित्त पुण्याहून अमेरिकेत आलेल्या एका गृहस्थांचा मुलगा शाळेतल्या मित्रांच्या नादाने बेसबॉलवेडा झालाय. त्याच्या लाडक्या संघाने पहिल्या २५ सामन्यांत ८ जिंकलेत आणि १७ घालवलेत. पोरगं रोज रात्री तोंड पाडून झोपायला जातं. वडलांना क्रिकेट पाठ आहे, बेसबॉल जेमतेम कळतं. ते विचारतात, "आयपीएलमध्ये असं झालं असतं तर संघ केव्हाच घरी गेला असता. इथे अजून काही आशा आहे, की यंदाचं विसर म्हणून सांगून टाकू?"

विसर म्हणून सांगू नका, इतक्यात तरी नाही. पण "अरे, अजून १३७ सामने आहेत" असं सांगून त्याची समजूतही घालू नका, कारण ते अर्धंच खरं आहे आणि मुलांना अर्धं खरं लगेच कळतं. संघ हरतोय याच्याइतकंच तो कसा हरतोय, हे बघायला त्याला शिकवा. पुढे जे लिहितोय ते सगळं त्या 'कसा'बद्दल आहे.

मी मेरीलँडमध्ये राहतो, बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन यांच्या अधेमधे. आठवडाभर आकडेमोडीची नोकरी, शनिवार-रविवार मुलांच्या लीगमध्ये स्कोअरबुक लिहिणं आणि पिचिंग, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणं, शिकवणं. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेलो, त्यामुळे या खेळाशी ओळख जुनी. वाईट सुरुवातीचे दोन टोकांचे नमुने माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर घडलेत, तेव्हा उदाहरणांसाठी मला लांब जावं लागत नाही.

आधी तुमचं आयपीएल. तिथे साखळीत १४ सामने. मुंबई इंडियन्सने २०१५ मध्ये पहिले चार सामने हरून करंडक जिंकला, आणि २०२२ मध्ये पहिले आठ हरून तळाला राहिली. चार म्हणजे सावरता येतं, आठ म्हणजे खेळ खल्लास, हा हिशेब आपल्या अंगात भिनलेला आहे. बेसबॉलचा सीझन १६२ सामन्यांचा. २५ सामने म्हणजे त्याचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा, आयपीएलच्या मापाने दोन सामने. दोन सामने हरल्यावर कुणी मुंबईची मॅच बघायचं सोडत नाही.

दुसरी गोष्ट, या खेळात चांगल्या-वाईटातलं अंतर एका सामन्यात फारसं दिसतच नाही. १०० सामने जिंकणारा संघ म्हणजे मोठा दादा संघ, आणि तोही ६२ वेळा हरतो. शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १२१ सामने हरून आधुनिक काळातला विक्रम केला, तरी ४१ वेळा ते जिंकलेच. नाणेफेकीचा हिशेब करून बघा. अगदी बरोबरीचा संघ, प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता निम्मी. असा संघ २५ पैकी ८ किंवा त्याहून कमी जिंकेल याची शक्यता पाच टक्क्यांच्या थोडी वर येते. ऐकायला कमी वाटते. पण मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. तीसच्या तीस संघ हुबेहूब एकसारखे असते, तरी एप्रिल संपताना त्यातला एखाददुसरा निव्वळ नशिबाने तुमच्या मुलाच्या संघाच्या जागी बसलेला असता. त्या एखाददुसऱ्या संघाबद्दल वर्तमानपत्रांत 'संघात जिंकण्याची भूकच नाही' वगैरे रकाने भरले असते, ही गोष्ट वेगळी.

आता उलट बाजू. हरलेले सामने परत मिळत नाहीत. २०२२ पासून मेजर लीगच्या अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन्ही लीग मिळून १२ संघ प्लेऑफमध्ये जातात, त्यामुळे उंबरठा थोडा खाली आलाय. २०२३ मध्ये ॲरिझोना ८४ विजयांवर आत शिरली आणि थेट वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम मालिकेपर्यंत, पोचली. ८४ हा आकडा धरला, तर ८-१७ वाल्या संघाला उरलेल्या १३७ पैकी ७६ जिंकायला हवेत. हा वेग पूर्ण सीझनभर ठेवला तर ९० विजय होतात. म्हणजे आता प्रश्न असा उरतो: सीझन सुरू होण्याआधी, मार्चमध्ये, हा संघ ९० विजयांच्या लायकीचा वाटत होता का? वाटत असेल, तर दार उघडं आहे. ७५-७८ चा वाटत असेल, तर दार मार्चमध्येही फारसं उघडं नव्हतं, एप्रिलने ते फक्त दाखवून दिलं. आशा ठेवायची की नाही हे त्या मार्चमधल्या अंदाजावर ठरतं, आणि तो अंदाज चुकीचा होता का, हे तपासायला पुढचे चार-पाच आठवडे.

तपासायचं कसं, ते वॉशिंग्टन नॅशनल्सच्या २०१९ च्या सीझनवरून सांगतो. ही गोष्ट मुलालाही सांगा.

२३ मे २०१९. ५० सामने झालेले, १९ जिंकलेले, ३१ हरलेले. न्यूयॉर्कला मेट्सने चारच्या चार सामने घेऊन त्यांना घरी पाठवलं. त्यातला २२ मेचा सामना त्या दोन महिन्यांचा पुरता अर्क होता. सामना नऊ इनिंगांचा; नॅशनल्सचा स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, मॅक्स शर्झरने सहा इनिंग टाकल्या, एक धाव दिली नाही. आठव्या इनिंगला नॅशनल्स १-० ने पुढे. मग बुलपेन आलं, म्हणजे स्टार्टर थकल्यावर येणारी पिचरांची फळी. त्यांचा सगळ्यात भरवशाचा क्लोजर (आघाडी शेवटपर्यंत राखणारा पिचर) शॉन डूलिटल मैदानात, आणि त्या एका इनिंगमध्ये सहा धावा गेल्या. त्यातल्या शेवटच्या तीन रजाई डेव्हिस नावाच्या म्हाताऱ्या बॅटरच्या होम रनने, म्हणजे आपल्या षटकारासारख्या कुंपणापार फटक्याने. हे महाशय त्या दिवशी दुय्यम लीगच्या संघासोबत पेनसिल्व्हेनियात होते. मेट्सचा फोन आल्यावर उबर करून निघाले आणि सामना सुरू झाल्यानंतर स्टेडियमवर पोचले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवी इनिंग, पुन्हा आघाडी हातातून गेली, मॅनेजर (म्हणजे सामन्याचे डावपेच ठरवणारे मुख्य प्रशिक्षक) डेव्ह मार्टिनेझना अंपायरने हुज्जत घातल्याबद्दल बाहेर काढलेलं. त्या आठवड्यात वॉशिंग्टनमध्ये मार्टिनेझची नोकरी किती दिवसांची, एवढीच चर्चा होती.

आता स्कोअरबुक उघडून बघा. हे सामने कुठे हरले? सातवी, आठवी, नववी इनिंग. पहिल्या सहा इनिंगमध्ये संघ व्यवस्थित होता. शर्झर, स्टीफन स्ट्रासबर्ग आणि पॅट्रिक कॉर्बिन हे तिघे स्टार्टर लीगमधल्या कुठल्याही संघाने डोळे झाकून घेतले असते. बुलपेनची अवस्था मात्र सांगायची सोय नव्हती. ट्रेव्हर रोझेन्थल हा एके काळचा नावाजलेला क्लोजर कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर परतला होता. पहिल्या चार वेळा तो मैदानात उतरला आणि एकाही बॅटरला बाद न करता परत गेला. पिचरची धावसरासरी काढताना दिलेल्या धावांना नऊने गुणून टाकलेल्या इनिंगांनी भागतात. रोझेन्थलच्या इनिंग शून्य. स्टेडियमच्या फलकावर अनंताचं चिन्ह. मी आकडेमोडीवर पोट भरतो, पण खेळाच्या फलकावर अनंत लिहिलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

दुसरं कारण दुखापती. २ एप्रिलला शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) ट्रे टर्नर बंट मारायला, म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू हळूच ढकलायला गेला, चेंडू उजव्या हाताच्या बोटावर आदळला आणि बोट मोडलं. मे उजाडेपर्यंत अँथनी रेंडन, हुआन सोटो आणि रायन झिमरमन हेही बाहेर. चार दिवस तर असे गेले की फलंदाजीच्या यादीत ओळखीचं नाव शोधावं लागे.

म्हणजे १९-३१ हे नुसतं नशीब नव्हतं. ९३ विजयांच्या लायकीच्या संघाने ५० पैकी २८-२९ जिंकायला हवेत. १९ पर्यंतची घसरण नाणेफेकीच्या खात्यावर टाकता येत नाही. संघात खोट होती. पण ती खोट कुठल्या जागी होती, ते महत्त्वाचं. मोडलेलं बोट बरं होतं (टर्नरचं पूर्ण वाकत नव्हतं, तरी तो तसाच खेळला). पाठीची उसण जाते. आणि बुलपेन ही संघातली सगळ्यात सहज बदलता येणारी गोष्ट आहे. रोझेन्थलला जूनमध्ये सोडून दिलं, जुलैअखेर डॅनियल हडसनला आणलं, बाकी ठिगळं लावली. सीझनभराचं बुलपेन तरीही वाईटच राहिलं, पण २४ मेपासून संघ ७४ जिंकला आणि ३८ हरला. एकूण ९३-६९. ३ सप्टेंबरला तर याच मेट्सविरुद्ध नवव्या इनिंगला १०-४ ने मागे असताना सात धावा काढून सामना घेतला. उट्टं काढलं म्हणतात ते हे.

ऑक्टोबरमध्ये काय झालं ते ऐकलं असेल. मिलवॉकीविरुद्ध एकाच सामन्याचा फैसला, आठव्या इनिंगला ३-१ ने मागे, सोटोचा फटका, ४-३. मग १०६ सामने जिंकलेल्या डॉजर्सविरुद्ध शेवटच्या सामन्यात दहाव्या इनिंगला हाउवी केंड्रिकचा चार धावांचा होम रन. कार्डिनल्सना सरळ चारमध्ये गुंडाळलं. आणि वर्ल्ड सिरीजमध्ये ह्यूस्टनविरुद्ध सात सामने, सातही पाहुण्या संघाने जिंकलेले. शेवटचा बॅटर बाद केला तो जुलैत आणलेल्या हडसनने. बुलपेन अखेरपर्यंत कच्चंच होतं, पण प्लेऑफमध्ये मध्ये सुट्टीचे दिवस मिळतात, स्टार्टरनाच रिलीव्हर म्हणून वापरता येतं. सातव्या सामन्यात शर्झरनंतर कॉर्बिनने तीन इनिंग टाकल्या. एप्रिल-मेमध्ये रोज सामना असतो, तेव्हा ही चैन परवडत नाही. म्हणजे ज्या दोषाने वसंतात संघ बुडवला, तोच शरदात मॅनेजरला लपवता आला. मला या सगळ्या कथेतली ही गोष्ट सर्वांत आवडते.

आता तुमच्या मुलाच्या संघाकडे वळू. संघाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, त्याने काही अडत नाही.

पहिलं काम: गेल्या १७ पराभवांत आघाडी कितव्या इनिंगला गेली, ते पोराला वहीत लिहायला लावा. सगळे सामने इंटरनेटवर इनिंगनिहाय मिळतात. सहाव्यानंतर गेलेले जास्त असतील, तर बुलपेन. पहिल्या तीन इनिंगमध्येच चार-पाच धावा खाल्ल्या असतील, तर स्टार्टर; आणि ते दुखणं जुनं होतं. चांगला स्टार्टर मे महिन्यात बाजारात मिळत नाही. ज्याच्याकडे असतो तो देत नाही.

दुसरं, काढलेल्या आणि दिलेल्या धावांची बेरीज. बिल जेम्स नावाच्या गृहस्थाने एक साधं सूत्र दिलंय: काढलेल्या धावांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज. समजा, संघाने १०० धावा काढल्या आणि ११० दिल्या. १०,००० भागिले २२,१०० म्हणजे साधारण ०.४५. पंचवीस सामन्यांत अकरा विजय. अशा संघाचे आठच विजय झाले असतील, तर तीन विजय नशिबाने खाल्लेत, बहुतेक एका-एका धावेने हरलेल्या सामन्यांत. पण १०० काढून १५० दिल्या असतील, तर सूत्र जेमतेम पावणेआठ विजय देतं. तिथे आठ म्हणजे उलट नशिबाने हात दिला म्हणायचं. दोन्ही संघ गुणतक्त्यात ८-१७ वर शेजारी-शेजारी बसलेले दिसतात, आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. एका सामन्यात १७-२ असा मार खाल्ला असेल तर तो वगळून पुन्हा बघा, पंचवीस सामन्यांत एकच रात्र सगळी बेरीज बिघडवते.

तिसरं, बॅटर. इथली सरासरी म्हणजे दर फेरीमागे हिट किती, आणि हिट म्हणजे फटका मारून बेसवर सुखरूप पोचणं. मुलाचा आवडता खेळाडू ०.२०० च्या सरासरीवर असेल आणि लोक त्याला शिव्या घालत असतील. ०.२५० आणि ०.२०० मधला फरक महिन्याभरातल्या शंभर फेऱ्यांत पाच हिटांचा असतो. पाच. आठवड्याला एक-सव्वा. एखादा चेंडू दोन फूट डावीकडे गेला असता, एखादा फील्डर एक पाऊल उशिरा निघाला असता, तर झालं. मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी साधारण तीस टक्के हिट ठरतात; स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) आणि होम रन यात धरायचे नाहीत. ज्याचं हे प्रमाण विसाच्या आसपास रेंगाळतंय आणि चेंडू मात्र कडकडून लागतोय, तो वर येणार. दोन-चार होम रन मारून ज्याचे स्ट्राइकआउट भरमसाठ वाढलेत, त्याची मला जास्त काळजी वाटते. स्ट्राइकआउटचं प्रमाण सगळ्यात लवकर खरं बोलायला लागतं, सरासरी सगळ्यात उशिरा. टीव्हीवर मात्र मोठ्या अक्षरात सरासरीच दाखवतात.

शिवाय एप्रिलची थंडी. थंड हवा दाट असते, चेंडू कमी उडतो. तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की उंच फटका साधारण तीन-चार फूट कमी जातो. डेट्रॉइट, शिकागो, बॉस्टनच्या एप्रिलमधल्या रात्री आणि जुलैमधल्या रात्री यांत चाळीस अंशांचा फरक सहज पडतो. जो फटका जुलैत प्रेक्षकांत पडेल, तो एप्रिलमध्ये भिंतीपाशी फील्डरच्या हातात विसावतो. होम रनवर जगणाऱ्या उत्तरेकडच्या संघाला हे जास्त जाणवतं. अर्थात, समोरचा संघही त्याच थंडीत खेळत असतो, तेव्हा यावर फार भार टाकू नका.

पिचरचा वेगही वर्षाच्या सुरुवातीला थोडा कमीच असतो. त्याची तुलना गेल्या सप्टेंबरशी करू नका, गेल्या एप्रिलशी करा. गेल्या एप्रिलपेक्षाही दोन मैलांनी कमी असेल, तर मला तो खांदा किंवा कोपर नीट वाटत नाही. मुलांना शिकवतानाही मी हेच बघतो: चेंडू कुठे पडतोय हे नंतर, आधी हात नेहमीसारखा सुटतोय का.

आता दुसरं टोक. माझ्या घरापासून उलट्या दिशेला, बाल्टिमोर, १९८८. ओरिओल्स पहिले २१ सामने हरले. एकवीस. आधुनिक काळात इतकी वाईट सुरुवात कुणाचीच नाही. सहा पराभवांनंतर मॅनेजर कॅल रिपकेन सीनियर यांना काढलं. त्यांची दोन मुलं, कॅल ज्युनियर आणि बिली, त्याच संघात खेळत होती. बापाला काढल्यावर दुसऱ्या दिवशी पोरांनी त्याच गणवेशात मैदानात उतरायचं, हा प्रकार मला आजही पटत नाही. त्यांच्या जागी आले फ्रँक रॉबिन्सन, खेळाडू म्हणून इतिहासातले एक थोर. त्यांच्या हाताखाली संघ आणखी पंधरा सामने हरला. शहरातल्या एका रेडिओ निवेदकाने संघ जिंकेपर्यंत माइक सोडणार नाही असं जाहीर केलं आणि बिचारा दिवसचे दिवस अडकून पडला. शेवटी २९ एप्रिलला शिकागोत ९-० असा विजय आला.

सीझन संपला ५४-१०७ वर. इथे कुठलं मोडलेलं बोट बरं होणार नव्हतं. आदल्या वर्षीच हा संघ ९५ सामने हरलेला होता. कॅल रिपकेन ज्युनियर आणि एडी मरे असे दोन मोठे खेळाडू होते, पण पिचिंग नव्हतं आणि त्यांच्यामागे फळीही नव्हती. मार्चमध्येच ज्याने नीट पाहिलं असेल, त्याला दिसलं असेल. २१ हा आकडा अर्थात कुणालाच दिसला नसता. वाईट संघही इतका हरत नाही, त्यात दुर्दैवाचा वाटा होताच.

आणि तरीही बाल्टिमोरच्या लोकांनी काय केलं? घरी परतल्यावरच्या पहिल्या सामन्याला, २ मेला, संघ १-२३ वर असताना ५०,४०२ लोक आले. जिंकणाऱ्या संघांनाही सोमवारी रात्री इतकी गर्दी मिळत नाही. त्या रात्री ओरिओल्स जिंकले. पुढच्या वर्षी तरुण पोरांना घेऊन ८७ सामने जिंकले आणि शेवटच्या आठवड्याअखेरीपर्यंत टोरोंटोच्या मागे लागून दोन सामन्यांनी हुकले.

मॅनेजरला काढण्याचा विषय निघालाच आहे, तर दोन शब्द. तुमच्या मुलाच्या मित्रमंडळात हीच चर्चा चालू असेल. २०२२ मध्ये फिलाडेल्फियाने २२-२९ वर असताना जो जिरार्डींना काढलं, रॉब थॉमसन आले, संघ ८७ जिंकून वर्ल्ड सिरीजला गेला. लोक म्हणाले, बघा, वेळेवर काढलं. जिरार्डींनंतर चारच दिवसांनी एंजल्सने ओळीने बारा पराभवांनंतर जो मॅडनना काढलं, त्यानंतरही आणखी दोन हरले आणि सीझन ७३ विजयांवर संपला. आणि २०१९ मध्ये वॉशिंग्टनने मार्टिनेझना ठेवलं, बळी गेला तो फक्त पिचिंग कोचचा. माझं मत विचाराल, तर बेसबॉलच्या मॅनेजरच्या हातात क्रिकेटच्या कप्तानापेक्षा खूप कमी असतं. एप्रिलमध्ये त्याला काढणं म्हणजे बहुतेक वेळा मालकाने आपण काहीतरी करतोय हे दाखवणं. ड्रेसिंग रूम फुटली असेल तर गोष्ट वेगळी, पण ते बाहेरून आपल्याला कळत नाही आणि ज्यांना कळलंय असं वाटतं त्यांनाही बहुधा कळलेलं नसतं.

एप्रिलमधल्या गुणतक्त्याने फसवणं हे दोन्ही बाजूंनी चालतं. मिलवॉकी १९८७ मध्ये पहिले तेरा सामने जिंकली, मे महिन्यात ओळीने बारा हरली, शेवटी ९१ विजय मिळूनही प्लेऑफच्या बाहेर. मुलाला चिडवणाऱ्या मित्राचा संघ सध्या १७-८ वर असेल, तर ही गोष्ट त्याच्या खिशात असू द्या.

न्यू जर्सीत राहत असाल तर मेट्सचं २०२४ आजूबाजूच्या मराठी घरांतूनच ऐकायला मिळेल. पहिले पाच सामने हरले, २ जूनला २४-३५ होते, तिथून एकूण ८९ विजय आणि आपल्या लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत, म्हणजे वर्ल्ड सिरीजच्या एक पायरी अलीकडे, मजल. तिथली पोरं अजून त्यावर बोलतात.

रोज तोंड पाडून झोपणाऱ्या मुलाचं काय, हा तुमच्या प्रश्नातला खरा भाग. बेसबॉल रोज असतं. क्रिकेटचा पराभव पचवायला आपल्याला दोन-चार दिवस मिळायचे, इथे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला पुन्हा सामना. नवख्या प्रेक्षकाला हे जाचतं. जुने लोक प्रत्येक सामन्याचा निकाल मनाला लावून घेत नाहीत, मालिकेचा घेतात: तीनपैकी दोन जिंकले का? मुलाला तीन-तीनचे गठ्ठे करून मोजायला सांगा. आठवड्याला दोनदाच निकाल लागतो, झोप सुधारते.

आणि खेळाडूला शिव्या घालायच्या की नाही, यावर एक प्रसंग सांगतो. तोच ट्रे टर्नर, मोडक्या बोटाचा. पुढे फिलाडेल्फियाने त्याला ११ वर्षांसाठी ३० कोटी डॉलर देऊन घेतलं, आणि २०२३ मध्ये तो अर्धा सीझन पार ढेपाळला. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक हुर्यो उडवण्यात देशात पहिल्या नंबरचे. ४ ऑगस्टला मात्र ते ठरवून उभे राहिले आणि तो बॅटिंगला आला तसा टाळ्यांचा कडकडाट केला. त्यानंतर गडी सुटला. सीझनअखेर एकूण २६ होम रन, आणि ३० बेस चोरले (फटक्याविना पळत पुढचा बेस गाठला), एकदाही पकडला गेला नाही. टाळ्यांमुळे झालं का? माझ्यातला आकडेमोड्या म्हणतो, इतका चांगला बॅटर इतका वेळ खाली राहतच नाही, तो वर येणारच होता. टर्नर मात्र त्या टाळ्यांचं नाव घेतो, आणि बॅट त्याच्या हातात होती, माझ्या नाही.

आता तारखांचं. मी मे संपेपर्यंत, म्हणजे ५०-५५ सामने होईपर्यंत, काहीही ठरवत नाही. तोवर जखमी परत आलेले असतात, सुरुवातीच्या वेळापत्रकात वाट्याला आलेले सगळे दादा संघ खेळून झालेले असतात, आणि धावांची बेरीज पुरेशी मोठी झालेली असते. तेव्हाही धावांत पन्नास-साठची तूट असेल आणि स्टार्टरच मार खात असतील, तर मुलाला सरळ सांगा की यंदा नाही.

त्यानंतर संघाचे मालकही तेच ठरवतात. जुलैअखेरच्या सुमारास खेळाडूंच्या देवाणघेवाणीची मुदत असते. हरणारा संघ करार संपत आलेले चांगले खेळाडू विकतो आणि बदल्यात कोवळी पोरं घेतो. मुलाच्या आवडीचा पिचर अचानक दुसऱ्या गणवेशात दिसेल, त्याची तयारी आधीच करून ठेवा. पण मिळालेल्या पोरांची नावं लिहून ठेवायला सांगा. १९८८ च्या त्या बुडालेल्या ओरिओल्सनी जुलैत माइक बॉडिकर हा आपला चांगला पिचर बॉस्टनला दिला आणि ब्रेडी अँडरसन व कर्ट शिलिंग ही दोन अनोळखी पोरं घेतली. अँडरसनने पुढे १९९६ मध्ये त्यांच्याचसाठी एका सीझनमध्ये ५० होम रन मारले. शिलिंगला त्यांनी लवकरच दुसऱ्याला देऊन टाकलं, आणि तो मोठा झाला तो इतरांकडे. त्याबद्दल बाल्टिमोरमध्ये आजही कुणाशी बोलायला जाऊ नका.

एवढं सगळं करण्याआधी एक करा. संघ हरत असला की तिकिटं स्वस्त होतात, विशेषतः मंगळवार-बुधवारची. मुलाला घेऊन जा आणि घरच्या बुलपेनच्या बाजूच्या रांगेत जागा घ्या. सहाव्या इनिंगपासून मैदान सोडून तिकडे बघायला सांगा: आघाडी असताना कोण उठून हात मोकळा करतो, पिछाडी असताना कोण, आणि फोन वाजल्यावर मॅनेजर कुणाला बोलावतो. १७ पराभव कुठून आले हे पोराला तुमच्याआधी कळेल.